लोएस पठारावरील वनीकरण आणि नदीचा अपधाव

कोरड्या प्रदेशात उघड्या उतारांवर पुन्हा झाडे, झुडपे व गवत वाढवले की नदीला वाहून मिळणारे पाणी, म्हणजेच अपधाव, बहुधा घटते. उत्तर चीनमधील सुमारे ६.४ लाख चौ. किमी.चे लोएस पठार हे याचे ठळक उदाहरण होय. वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर, भुसभुशीत मातीचे (लोएसचे) येथील थर काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड आहेत. पाऊस वायव्येस २०० मिमी., तर आग्नेयेस ७०० मिमी.च्या आसपास पडतो. एकेकाळी ह्वांग हो (पीत) नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेई, तो मुख्यतः या पठाराचाच.

१९९९ पासून चीन सरकारने तीव्र उतारावरची शेती सोडणाऱ्यांना धान्य व पैसे देऊन तेथे झाडे-गवत लावायला सुरुवात केली. २०१३ पर्यंत वनस्पतींचे आच्छादन सुमारे ३२ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या घरात गेले. गाळ पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी झाला. ही कमाई मोठी आहे. तिचे श्रेय मजगी (उतारावरील पायऱ्यांची शेते) व नाल्यांवरील बांधांनाही जाते.

पाण्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो. समजा, वर्षाला ४५० मिमी. पाऊस पडला आणि त्यातले ४१० मिमी. बाष्परूपाने परत गेले. नदीसाठी उरले ४०. वाढलेल्या झाडांनी आणखी २० मिमी. ओढले, तर बाष्पीभवन व बाष्पोच्छ्वास (पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी) मिळून पाच टक्केच वाढतो, पण नदीचा वाटा निम्मा होतो. झाडे लावली की झरे जिवंत होतात, हे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. जास्त पावसाच्या, मुरमाड डोंगरउतारावर तसे घडूही शकते. लोएस पठारावर मात्र मुरलेले पाणी भूजलापर्यंत पोचण्याआधीच मुळे शोषून घेतात. मूळच्या उत्तर अमेरिकेतील रॉबिनिया या झाडाच्या दाट लागवडीखाली दोन मीटरपेक्षा खोल माती वर्षानुवर्षे कोरडी राहते. मग झाडे खुरटतात. स्थानिक लोक त्यांना ‘छोटी म्हातारी झाडे’ म्हणतात.

अपधाव घटण्यामागे सिंचनाचा उपसा, धरणे व पावसातील चढउतारही आहेत. १९९७ साली खालच्या टप्प्यात नदी २२६ दिवस कोरडी होती, ती या मोहिमेच्या आधीच. तरीही २०१६ मधील एका अभ्यासानुसार पठारावरची हिरवाई उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ पोचली आहे. म्हणून कमी पावसाच्या पट्ट्यात उंच झाडांऐवजी स्थानिक गवत व झुडपे वाढवणे, दाट रोपवने विरळ करणे हेच शहाणपणाचे ठरते.