ऑक्सफर्ड स्ट्रीट, आक्रा

घानाची राजधानी आक्रा येथील ओसू भागातला खरेदीचा आणि रात्रीच्या वर्दळीचा रस्ता. ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’ हे नाव लंडनच्या त्याच नावाच्या खरेदीच्या रस्त्यावरून लोकांनी ठेवलेले. कागदोपत्री हा कॅन्टोनमेंट्स रोड. ब्रिटिश लष्कराने पुण्याला ‘कॅम्प’ दिला, आक्र्याला ‘कॅन्टोनमेंट्स’. डांक्वा सर्कल या चौकापासून दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने तो उतरत जातो. गजबजलेला पट्टा पंधरा-वीस मिनिटांत चालून संपतो. ओसू ही मूळची ‘गा’ या स्थानिक समाजाची किनारवस्ती. डेन्मार्कच्या लोकांनी 1661 मध्ये इथे ख्रिश्चनबॉर्ग किल्ला उभारला आणि 1850 मध्ये तो ब्रिटिशांना विकला. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे देशाचा कारभार याच किल्ल्यातून चाले.

लंडनच्या नावावर जाऊन मोठमोठ्या दालनांची अपेक्षा ठेवली तर निराशा होते. बँका, मोबाइलची दुकाने, कोआला हे सुपरमार्केट, पापाये आणि फ्रँकीज ही खाण्याची ठिकाणे एवढाच पक्का भाग. खरा बाजार पदपथावर भरतो आणि खरी रात्र आतल्या गल्ल्यांत रंगते. दुकानात दर ठरलेले असतात, पदपथावर घासाघीस चालते. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे साडेचार-पाचला पोहोचणे सोयीचे: उजेडात खरेदी उरकते आणि दिवेलागणीला खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये असतात आणि बरीच दुकाने बंद असतात.

ट्रोट्रो, म्हणजे सामायिक मिनीबस, स्वस्त पडते. तिच्या कंडक्टरला ‘मेट’ म्हणतात. नवख्यांची फसगत ‘सर्कल’ या शब्दावर होते. मेट नुसते ‘सर्क, सर्क’ ओरडत असेल तर गाडी क्वामे एन्क्रूमा सर्कलला जाते, ते ठिकाण वेगळे आणि लांब आहे. ‘ओसू’ किंवा ‘डांक्वा’ असे नाव घेऊनच चढावे. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. पूर्ण टॅक्सी एकट्यासाठी करण्याला ‘ड्रॉपिंग’ म्हणतात. ॲपवरच्या गाड्याही मिळतात, पण पुष्कळ चालक रोखच मागतात.

चलन सेडी, 1 सेडी म्हणजे 100 पेसेवा. 2007 मध्ये जुन्या 10,000 सेडींचा 1 नवा सेडी झाला. जुनी मंडळी कधी अजूनही सवयीने ‘दहा हजार’ म्हणतात, तेव्हा त्यांना 1 सेडी म्हणायचे असते. 200 ची नोट गाडीवाल्यापुढे धरली तर सुटे नसतात आणि सौदा तिथेच अडतो. 5, 10 आणि 20 च्या नोटा खिशात असाव्यात. स्थानिक लोक ‘मोमो’ने, म्हणजे मोबाइल मनीने, पैसे देतात.

भाव विचारण्याआधी नमस्कार-चमत्कार करावा, नाहीतर उद्धटपणा समजला जातो. पैसे उजव्या हातानेच द्यावेत आणि घ्यावेत. मग ‘रिड्यूस स्मॉल’ म्हणून घासाघीस सुरू करावी. किंमत जमली की ‘डॅश’, म्हणजे वरचा वानवळा, मागायला हरकत नाही. एक डाव मात्र ओळखून ठेवावा. तरुण पोरगा गोड बोलत नाव विचारतो आणि थोड्या वेळाने तेच नाव विणलेले मनगटी कडे पुढे करून पैसे मागतो. त्याला नावच सांगू नये हे बरे.

घेण्याजोग्या वस्तूंत केंटे कापड पहिले. खरे केंटे हातमागावर सुमारे 10 सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांत विणतात आणि पट्ट्या जोडून वस्त्र करतात. म्हणून जोडाच्या शिवणी शोधाव्यात, मग कापड उलटून पाहावे. मागची बाजू फिकी, पांढरट असेल तर तो छापील माल. पैठणी पारखणाऱ्याला हे सांगायला नको. छापील कापड वाईट असते असे नाही, हातमागाच्या भावात घेणे वाईट. क्रोबो लोकांचे काचेचे मणीही चांगले मिळतात. फुटक्या बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यात भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ रोवतात आणि साचा भट्टीत घालतात. देठ जळतो आणि भोक उरते. भोक किंचित वेडेवाकडे असणे हा दोष मानू नये.

संध्याकाळचे खाणे म्हणजे केलेवेले. राजेळीच्या जातकुळीतले पिकलेले केळे तुकडे करून आले, मिरची, मीठ आणि मसाल्यात घोळवतात, तळून भाजक्या शेंगदाण्यांबरोबर कागदात देतात. केळे कच्चे असेल तर तुकडे कडक होतात, फार पिकले असेल तर तेल पितात. ओसूच्या नाइट मार्केटमध्ये केंके मिळते: आंबवलेल्या मक्याचा, कणसाच्या सालीत उकडलेला गोळा, सोबत तळलेला मासा आणि ‘शितो’ नावाची काळी तिखट चटणी. शाकाहाऱ्यांनी शितोपासून जपून राहावे, त्यात सुकी मासळी किंवा सुकट असते. पाण्याच्या 500 मिलिलिटरच्या पिशव्या ‘प्युअर वॉटर’ म्हणून विकतात. कोपरा दाताने फाडून पितात.

दारू आणि संगीताची ठिकाणे मुख्य रस्त्यापेक्षा बाजूच्या गल्ल्यांत अधिक, रिपब्लिक त्यांपैकीच. शुक्रवार-शनिवारी खुर्च्या थेट रस्त्यावर येतात. चालताना नजर खाली हवी: पदपथ टपऱ्यांनी अडवलेले असतात आणि उघड्या गटारांवरच्या फरश्या मधूनच गायब असतात. वीज गेली की काळोखात पाय त्यातच जातो. वीज येण्या-जाण्याला तिथे ‘दुमसोर’ म्हणतात. मे-जूनच्या पावसात हीच गटारे तुंबून रस्त्यावर येतात.

त्याच सुमारास होमोवो या गा सणाआधी सुमारे महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजावर पारंपरिक बंदी असते. तिच्या तारखा वस्तीगणिक बदलतात. त्या काळात बारमधले संगीत दबलेले असते. गोंगाट हवा असेल तर डिसेंबरात जावे, मात्र तेव्हा गाडीपेक्षा पायी लवकर पोहोचता येते.

भारतातून जाणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. परतताना भारतातही तो दाखवावा लागतो, नसल्यास 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.