बॅग भरण्याआधी तिकीट वाचा (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तिकीट हातात आलं की आपण नाव, तारीख आणि वेळ बघतो. आणखी एक गोष्ट बघा अशी आमची विनंती आहे, ती म्हणजे बॅगेजचा रकाना. आम्ही पाठवलेल्या पीडीएफमध्ये प्रवासाच्या तपशिलाजवळ ‘15 के’, ‘30 के’ किंवा ‘2 पीसी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुमच्या सामानाचा हिशेब तिथून सुरू होतो. पाहुण्यांनी मागच्या वर्षी किती किलो नेलं होतं, याचा इथे उपयोग नाही. त्यांची कंपनी वेगळी असेल किंवा तिकिटाचा प्रकार वेगळा असेल. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनाही वेगवेगळं वजन मिळालेलं असू शकतं.

‘के’ म्हणजे किलो आणि ‘पीसी’ म्हणजे नग. देशातल्या देशात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इनला (काउंटरवर जमा करायच्या बॅगेत) 15 किलो आणि केबिनमध्ये (सोबत आत न्यायच्या बॅगेत) 7 किलो देतात. अगदी स्वस्त तिकिटात कधीकधी चेक-इन बॅग धरलेलीच नसते, म्हणून फक्त भाडं बघून तिकीट ठरवू नका. अमेरिका, कॅनडाकडे जाताना बहुधा नगाचा हिशेब असतो: दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलोपर्यंत. इथेच लोकांची गल्लत होते. एक बॅग 20 किलोची आणि दुसरी 26 ची भरली तर बेरीज 46 च होते, पण 26 किलोच्या बॅगेचे जादा पैसे पडतात. आणि 32 किलोच्या वरची एक बॅग तर पैसे भरूनही घेत नाहीत. ती बॅग पट्ट्यावरून उचलून विमानात चढवणारा माणूसच असतो, त्याच्या पाठीसाठी हा नियम आहे.

दोन तिकिटांचा प्रवास

कोल्हापूरकरांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे. उजळाईवाडीहून मुंबईचं तिकीट वेगळं आणि मुंबईहून दुबईचं वेगळं काढलं, तर दुबईच्या तिकिटावरचे 30 किलो कोल्हापूरच्या विमानाला लागू होत नाहीत. तिथे 15 च. शिवाय मुंबईत बॅग स्वतः ताब्यात घ्यायची आणि पुन्हा नव्याने चेक-इन करायची, प्रसंगी टर्मिनल बदलून. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग नंबरावर) असेल, तर साधारणपणे पुढच्या परदेशी प्रवासाचंच वजन सुरुवातीपासून धरतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेल्या एका मुलाला आम्ही हे नीट सांगितलं नव्हतं. शिकायला निघालेला मुलगा, बॅगेचं वजन 28 किलो. काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडून त्याच्या आईनं एकेक वस्तू बाहेर काढली. स्वेटर ठेवला, पुस्तकं ठेवली, आणि आदल्या आठवड्यात डंकावरून आणलेल्या चटणीचा डबा परत घरी नेला. पोराच्या जाण्याच्या दिवशी तिच्यावर ती वेळ यायला नको होती. हे पत्रक छापायचं तेव्हाच ठरलं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. सामान जास्त असेल तर एकाच पीएनआरवर तिकीट काढा, नाहीतर मुंबईपर्यंत गाडीनं जा. जादा किलो घ्यायचेच असतील तर आधी ऑनलाइन घ्या. काउंटरवर तेच किलो महाग पडतात.

चटणी, गूळ, नारळ

कांदा-लसूण चटणी, मिरचीपूड, मसाला आणि तेलातलं लोणचं हे सगळं चेक-इन बॅगेत टाका. तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. चटणी डब्यात भरू नका, डब्याचंच वजन पाव किलो होतं. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. लोणच्याचं झाकण घट्ट लावलं तरी तेल झिरपतं, तेव्हा बरणीलाही वेगळी पिशवी हवीच.

दुबई, अबुधाबीला जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचा: तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते. आपल्या घरच्या मसाल्यात खसखस सर्रास असते. त्या मुक्कामासाठी मसाला करायचा असेल तर खसखस वगळूनच करा. सिंगापूरलाही हाच नियम आहे. ऑस्ट्रेलियाला खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताना फॉर्मवर लिहायचा. लिहिलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्याचा मात्र दंड होतो.

गुळाची मोठी ढेप नेण्यापेक्षा किलो-अर्ध्या किलोच्या ढेपा घ्या. वजन दोन बॅगांत वाटता येतं. कोल्हापुरी चपलांचा जोड तळव्याला तळवा लावून बॅगेच्या कडेला उभा ठेवा आणि नवी चप्पल कागदात गुंडाळा, चामड्याचा वास कपड्यांना लागतो.

अंबाबाईची ओटी भरून थेट विमानतळावर जाणारे पुष्कळ जण असतात. खण, हळद-कुंकू, प्रसादाचा लाडू यांना काही अडचण नाही. नारळ मात्र केबिनमध्ये घेत नाहीत. 2024 च्या हंगामात शबरीमलाच्या भाविकांना नारळ सोबत नेता यावा म्हणून तेवढ्या दिवसांपुरती वेगळी परवानगी द्यावी लागली होती, इतका हा नियम पक्का आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनमध्येही चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. कापूर आणि काडेपेटीही घरीच ठेवा. खोबरं भाजून चटणीत कुटलेलं असेल तर त्याची काळजी नको.

केबिन बॅग

7 किलोत रिकाम्या ट्रॉलीचंच वजन अडीच-तीन किलो जातं. त्यापेक्षा कापडी सॅक बरी. कोल्हापूरला येणारी विमानं लहान असतात, वरचे कप्पे अरुंद असतात आणि कडक ट्रॉली कधीकधी विमानाच्या दारापाशीच खाली ठेवायला घेतात. पॉवर बँक, औषधं, दागिने आणि कागदपत्रं अशा वेळी पटकन काढता येतील अशी वरच्या खणात ठेवा.

पॉवर बँक नेहमी केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीही नाही. 100 वॅट-अवरपर्यंत (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॅट-अवरची होते, म्हणजे बसते. आकडा पुसलेली पॉवर बँक मात्र तपासणीत काढून घेऊ शकतात. परदेशी विमानात द्रव पदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलीची किंवा लहान हवी. अर्धी रिकामी असली तरी 200 मिलीची बाटली चालत नाही. अडकित्ता, विळी, सुरी, कात्री चेक-इनमध्ये.

बॅग आलीच नाही तर

पट्टा थांबला आणि तुमची बॅग दिसली नाही, तर हॉलच्या बाहेर पडू नका. तिथल्याच कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून द्या आणि तिचा नंबर घ्या. बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा बॅग हातात येईपर्यंत जपा. परदेशी प्रवासात बॅग मोडून आली तर लेखी तक्रारीला 7 दिवस मिळतात, आणि उशिरा आली तर हातात आल्यापासून 21 दिवस. बॅग भरल्यावर ती उघडी असतानाच मोबाइलवर एक फोटो काढा, आत काय होतं हे सांगताना तो फार कामाला येतो.

आमच्या ऑफिसात वजनकाटा आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी बॅग भरूनच घेऊन या. काही काढायचं असेल तर इथे टेबलावर निवांत काढू. तिकीट आमच्याकडचं नसलं तरी चालेल, वजनाचे पैसे घेत नाही.