चिमणीसारखी दिसणारी रोझफिंच आणि तिच्या नवऱ्याचा लाल रंग

डिसेंबरात सिंहगड व्हॅलीत गेलो होतो. सगळे स्वर्गीय नर्तकाच्या मागे कॅमेरे घेऊन पळत होते आणि मी घाणेरीच्या झुडपावरच्या पाच चिमण्या बघत बसलो होतो. म्हणजे मला आधी त्या चिमण्याच वाटल्या. मग पानाआडून एकाने डोकं बाहेर काढलं, ते लालभडक! फोनवरच्या एका अ‍ॅपला फोटो दाखवला तर म्हणे हाऊस फिंच. अरे तो अमेरिकेतला पक्षी, सिंहगडावर काय करतोय?

तो होता कॉमन रोझफिंच, हिंदीत तूती. नर लाल असला की ओळखायला काही लागत नाही, खरी परीक्षा मादीची. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि छाती साधी असते. रोझफिंचच्या मादीचा चेहरा एकदम कोरा, त्यात मण्यासारखा काळा डोळा, छातीवर तपकिरी रेघोट्या, पंखावर दोन फिकट पट्ट्या, चोच बुटकी नि जाड, शेपटीला खाच. सुगरणीची मादीपण घोळ घालते, पण तिची शेपूट आखूड आणि भुवई पिवळसर. आणि हो, एक वर्षाचा नरही मादीसारखाच तपकिरी असतो, त्यामुळे 'सगळ्या माद्याच होत्या' असं छातीठोक लिहू नका.

असा फोटो ग्रुपवर पडला की लगेच 'युरोपातून आलेला दुर्मिळ पाहुणा' म्हणून फॉरवर्ड फिरतो. दुर्मिळ वगैरे काही नाही, हिमालय आणि मध्य आशियातही हे भरपूर आहेत, आपल्याकडचा तिथलाच असायची शक्यता जास्त. पण युरोपातले रोझफिंचही हिवाळ्यात आफ्रिकेत न जाता भारत-पाकिस्तानकडे येतात हे मात्र खरं. ही जात पूर्वेकडून युरोपात पसरत गेली आणि हिवाळ्याची जुनी वाट तिने सोडली नाही, असं मानतात.

आता माझा आवडता भाग, लाल रंग. पक्ष्याला हा रंग शून्यातून बनवता येत नाही. फळं-बियांमधून पिवळी कॅरोटिनॉइड्स पोटात जातात, गाजरातली असतात तीच फॅमिली. मग CYP2J19 नावाचं एन्झाइम त्या रेणूच्या टोकाच्या कड्याला ऑक्सिजन जोडतं, त्यामुळे दुहेरी बंधांची साखळी लांबते, रेणू निळ्याच्या पुढे जाऊन हिरवा प्रकाशही शोषायला लागतो आणि आपल्या डोळ्याला उरतो तो लाल. हे एन्झाइम बनवणारा जीन 2016 मध्ये सापडला, लाल कॅनरी आणि झेब्रा फिंचवरच्या दोन वेगवेगळ्या संशोधनांत. पुढे 2022 मध्ये कळलं की हा एकटा पुरत नाही, BDH1L नावाचा जोडीदार लागतो. गंमत म्हणजे हेच CYP2J19 पक्ष्यांच्या डोळ्यातल्या शंकूपेशींत (रंग ओळखणाऱ्या पेशी) तेलाचे लाल थेंब बनवतं, म्हणजे लाल बघायला मदत करणारं आणि अंगावर लाल चढवणारं यंत्र एकच! (इथे कोणी झोपलं असेल तर उठा, पुढचं सोपं आहे.)

रंग भरतो तो पीस वाढत असतानाच. नंतर पीस म्हणजे आपल्या नखासारखी मेलेली वस्तू, त्यात नवा रंग जात नाही. आणि प्रौढ रोझफिंच पिसं बदलतो कधी, तर प्रवास करून हिवाळ्याच्या मुक्कामी आल्यावर. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेत मादीपुढे मिरवायचा तो लाल रंग बराचसा आपल्या देशातल्या खाण्यावर तयार झालेला असतो. पिंजऱ्यात ठेवलेल्या नराला पुढच्या वेळी पिसं येतात ती पिवळट. आणि बाजारात कोणी भडक रंगाचा जंगली पक्षी विकत असेल तर तो बहुतेक बिचारा रंगवलेला मुनिया असतो. काही लोक ग्रहदोष जावा म्हणून असे पक्षी विकत घेऊन सोडतात. त्यांच्या ग्रहांचं माहीत नाही, पण पकडणाऱ्याला पुढची ऑर्डर नक्की मिळते.

आमच्या पाचांतला तो एक लाल होता, तोही अजून मळकट. नव्या पिसांची टोकं फिकट तपकिरी असतात, ती झिजली की खालचा लाल उघडा पडतो. ते उत्तरेत परत जायच्या आधी, मार्चमध्ये, तीच घाणेरी गाठायचीये.