गाठीच्या कापात पुढचं काही दिसतं का? तोंडाच्या कर्करोगातील ऊती-मार्करची पार्श्वभूमी

दोघांच्या जिभेवर दीड सेंटिमीटरची गाठ, मानेत हाताला काही लागत नाही, ऑपरेशनही वेळेत झालेलं. तरी एक जण वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याच्या मानेत काही महिन्यांतच गाठ येते. या फरकाची खूण, म्हणजेच 'मार्कर', काढलेल्या ऊतीत कुठेतरी असणारच, या विश्वासाने पॅथॉलॉजिस्ट शंभर वर्षं शोध घेत आले आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी केली. १९२० मध्ये त्यांनी ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीतल्या किती पेशी मूळ त्वचेच्या पेशींसारख्या परिपक्व दिसतात, यावरून त्यांनी चार ग्रेड पाडल्या. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आजही दिसणारं 'वेल', 'मॉडरेट', 'पुअर' हे वर्गीकरण त्याच वळणाचं. अडचण अशी की तोंडातल्या बहुतेक गाठी पहिल्या दोन वर्गांतच मोडतात. सगळ्यांना जवळपास एकच शेरा मिळत असेल, तर कोणाला धोका जास्त हे त्यावरून कसं कळणार?

नॉर्वेच्या मॅग्ने ब्रायने यांनी १९८९ च्या सुमारास पाहण्याची जागाच बदलली. गाठीच्या मध्यभागापेक्षा ती निरोगी ऊतीत जिथे घुसते ती आघाडीची कड तपासा, असं त्यांचं म्हणणं. तिथे पेशी जाड पट्ट्यांनी पुढे सरकतात, की एकेकट्या सुटून पसरतात? २००५ मध्ये मार्गारेट ब्रँडवाइन-गेन्सलर आणि सहकाऱ्यांनी घुसण्याची सर्वांत वाईट तऱ्हा, मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव आणि गाठीभोवती जमलेल्या लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक) पेशी यांची सांगड घालून धोक्याचं गणित मांडलं.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा मार्कर मात्र अगदी साधा आहे: खोली. रोनाल्ड स्पायरो यांच्या गटाने १९८६ मध्येच दाखवलं होतं की जीभ आणि तोंडाच्या तळाच्या गाठींमध्ये जाडी दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की रुग्णाचा धोका वाढतो. तरीही स्टेज ठरवताना खोलीला अधिकृत स्थान मिळायला तीस वर्षं लागली. गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून स्टेज ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत, २०१७-१८ मध्ये, ते मिळालं. आता दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठही पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर टी-१, म्हणजे पहिल्या पायरीची, राहत नाही. त्याच आवृत्तीत लसिकाग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलेल्या कर्करोगालाही वेगळं वजन मिळालं. अशा रुग्णांना ऑपरेशननंतर रेडिएशनसोबत केमोथेरपी दिल्याने फायदा होतो, हे २००४ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं होतं. म्हणजे काचेच्या स्लाइडवरच्या निरीक्षणाने उपचार बदलले.

दरम्यान प्रथिनांची लाट येऊन गेली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं (ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारी प्रथिनं) बनवण्याचं तंत्र शोधलं. पुढे पॅराफिन ब्लॉकमधल्या, म्हणजे मेणात जपलेल्या ऊतीच्या, कापावर हवं ते प्रथिन रंगवून पाहता येऊ लागलं. पी-५३, केआय-६७, ईजीएफआर, सायक्लिन डी-१... तोंडाच्या कर्करोगात शंभराहून अधिक मार्कर तपासले गेले. नेहमीच्या रिपोर्टमध्ये त्यातला जवळजवळ एकही पोचला नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते, कारण प्रत्येक अभ्यासामागे रुग्णांनी दिलेली ऊती होती. अनेक अभ्यासांत रुग्ण मोजके, जीभ-गाल-घसा एकाच टोपलीत, प्रतिपिंडं वेगवेगळी आणि 'पॉझिटिव्ह' कशाला म्हणायचं याची रेषा प्रत्येकाची निराळी. दुसऱ्या रुग्णगटात तोच निष्कर्ष पडताळणारे थोडेच. असे अभ्यास नीट मांडले जावेत म्हणून २००५ मध्ये 'रिमार्क' मार्गदर्शक तत्त्वं आली, पण तोवर पुष्कळ ब्लॉक खर्ची पडले होते.

जनुकांच्या पातळीवर काही आश्वासक गोष्टी जरूर दिसल्या. १९९५ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांच्या, ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा तपासल्या गेल्या. मायक्रोस्कोपखाली त्या स्वच्छ होत्या, पण १३ जणांच्या कडांमध्ये पी-५३ च्या जनुकात उत्परिवर्तन (बिघाड) सापडलं. त्यांपैकी ५ जणांचा रोग त्याच जागी उलटला. उरलेल्या १२ पैकी कोणाचाही नाही. डॅनली स्लॉटर यांनी १९५३ मध्ये मांडलेली कल्पना, की गाठीभोवतीचं निरोगी दिसणारं अस्तरही बिघडलेलं असतं, तिला हा रेण्वीय दुजोराच होता. संख्या लहान, तरी धडा मोठा.

पी-१६ या प्रथिनाबाबत मात्र सावध राहायला हवं. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या, म्हणजे घशातल्या कर्करोगात हा मार्कर एचपीव्ही विषाणूकडे बोट दाखवतो आणि तिथे पॉझिटिव्ह रुग्णांचं भवितव्य स्पष्टपणे चांगलं असतं. तोंडाच्या पोकळीतल्या कर्करोगाला हा नियम लागू होत नाही, कारण तिथे एचपीव्हीचा वाटा फार कमी असतो. एका जागेचा दिलासा दुसऱ्या जागेच्या रुग्णाला देणं घातक आहे.

पीडी-एल-१ या प्रथिनाची तपासणी आणखी वेगळी. २०१९ पासून, परतलेल्या किंवा पसरलेल्या रोगात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का, हे ठरवायला तिचा स्कोअर वापरतात. औषध लागू पडण्याची शक्यता किती, एवढंच तो स्कोअर सांगतो. नुकत्याच काढलेल्या लहान गाठीचा रुग्ण किती धोक्यात आहे हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी आजही खोली, कडा, मज्जातंतू आणि लसिकाग्रंथी यांचाच आधार घ्यावा लागतो.