राजकीय स्थानबद्धता, मुंबईतील

आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षाही नाही, तरीही सरकारी आदेशावर एखाद्याला तुरुंगात ठेवायचे, याला कायद्याच्या भाषेत प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. माणसाने काय केले हे येथे सिद्ध करावे लागत नाही. तो काय करील याबद्दल अधिकाऱ्याची ‘खात्री’ झाली की पुरते. या तरतुदीचा वापर राजकीय विरोधकांवर झाला की ती मनमानी ठरते, आणि मुंबईत तो वारंवार झाला आहे. ‘मिसाबंदी’ (‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली डांबलेला) म्हटले की मराठी वाचकाला १९७५ आठवते. हा प्रकार मात्र त्याहून दीडशे वर्षांनी जुना आहे.

मुंबई इलाख्यात त्याचे मूळ १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनमध्ये सापडते. सरकारला नको असलेल्या व्यक्तीला खटल्याविना ‘राजबंदी’ करण्याची सोय त्यात होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग-अधिकारी रँडचा वध झाल्यानंतर तिथल्याच सरदार नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलले गेले आणि १८९९ पर्यंत ठेवले गेले. त्याच सुमारास टिळकांवर निदान खटला तरी चालला. नातूंच्या वाट्याला तोही आला नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस नेत्यांची धरपकड झाली ती भारत संरक्षण नियमांच्या आधारे. केशव तळपदे यांचे प्रकरण याच काळातले. त्यांना ज्या नियमाखाली डांबले होते, तो नियम क्रमांक २६ फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये बेकायदा ठरवला. सरकारने लगेच अध्यादेश काढला आणि नियम पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केला. न्यायालयात हरायचे आणि छापखान्यात जिंकायचे, ही सवय पुढच्या सरकारांनीही सोडली नाही.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने स्थानबद्धतेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, अनुच्छेद २२ मध्ये, जागा दिली. घटना अमलात येऊन जेमतेम महिना झाला असताना, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला. मुंबईत त्याचा रोख आधी कम्युनिस्ट आणि कामगार कार्यकर्त्यांवर होता. आत्माराम श्रीधर वैद्य यांना दिलेले कारण एवढेच होते की, ते बृहन्मुंबईत रेल्वे व रेल्वेच्या मालमत्तेच्या घातपाताला उत्तेजन देतात आणि पुढेही देण्याची शक्यता आहे. कुठे, कधी, कोणासोबत, याचा पत्ता नाही. असल्या आरोपाला उत्तर देणार तरी काय? हे प्रकरण १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारपुढे आपली बाजू मांडता येऊ नये इतकी कारणे संदिग्ध असतील तर बंद्याचा हक्क डावलला जातो, हे तेथे मान्य झाले. पण तपशील मागाहून पुरवण्याची मुभा सरकारला मिळाली.

या सगळ्यात सर्वांत बोलके प्रकरण प्रभाकर संझगिरी यांचे आहे, आणि मराठीत त्याची आठवण फारशी काढली जात नाही याचे नवल वाटते. १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले. विषय मूलद्रव्ये आणि पुंज सिद्धांत. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पत्नीकडे पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. मजकूर आक्षेपार्ह आहे असे सरकारचे म्हणणेच नव्हते. स्थानबद्धांच्या अटींच्या आदेशात पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत लिहिलेली नाही, म्हणून ती देता येत नाही, असा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानेही १९६५ मध्ये संझगिरींच्या बाजूने निकाल दिला: त्या अटी म्हणजे सवलतींची यादी नव्हे, स्वातंत्र्यावरचे निर्बंध आहेत, जे निर्बंधात नाही, ते बंद्याकडून काढून घेता येत नाही.

दहा वर्षांनी नेमके उलटे घडले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनच्या राष्ट्रपती आदेशाने अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतील संरक्षण) च्या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. १९७१ च्या ‘मिसा’ कायद्यात नवे कलम १६अ घालण्यात आले. पूर्वी बंद्याला काही दिवसांत कारणे द्यावी लागत, प्रकरण स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे जाई. आता कारणे सांगण्याचे बंधनच उरले नाही. पुढच्या दुरुस्त्यांनी तर ती गोपनीय ठरवली.

मुंबईच्या राजकीय कार्यकर्त्यांची घरे यात कशी विखुरली, हे दंडवते दांपत्यावरून कळते. मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, प्रमिला दंडवते येरवड्यात, संसार पत्रांवर. अहिल्या रांगणेकर येरवड्यातच होत्या. मृणाल गोरे आधी भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. दुर्गा भागवतांनी डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला होता. पुढच्या वर्षी त्यांना मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून अटक झाली. समाजवादी, मार्क्सवादी, जनसंघ व संघाचे लोक एकाच आवारात आले. शहरातले सगळेच पक्ष मात्र आत नव्हते: शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला होता, भारतीय कम्युनिस्ट पक्षानेही.

आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार देशभर ३४,९८८ जण मिसाखाली स्थानबद्ध झाले, त्यांपैकी ५,४७३ महाराष्ट्रात. भारत संरक्षण नियमांखालच्या अटका याहून वेगळ्या.

नऊ उच्च न्यायालयांनी हेबियस कॉर्पस अर्ज (स्थानबद्धता कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे, असे मागणारे) ऐकता येतात अशी भूमिका घेतली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती उलटवली. विरोधी मत न्या. खन्ना यांचे. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले. हा निकाल २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात रद्द झाला, आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. रांगणेकर आणि गोरे निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची: पाणीवाली म्हणजे गोरे, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी.

१९७८ मध्ये मिसा रद्द झाला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. सल्लागार मंडळाविना डांबण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारे त्याच दुरुस्तीतले कलम मात्र अमलात आणण्याची अधिसूचना अजून निघालेली नाही, मग सत्तेवर कोणीही असो. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. अलीकडे स्थानबद्धतेचे काम वेगळ्या मार्गानेही होते: बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम ४३ड(५) मुळे जामीन इतका अवघड होतो की खटला उभा राहण्याआधीच वर्षे जातात. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, ८४ वर्षांचे पाद्री व आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगातले कच्चे कैदी होते. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

आणीबाणीतल्या बंद्यांना राज्य सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केले: महिन्याहून अधिक काळ आत असलेल्यांना दरमहा १०,००० रुपये, त्याहून कमी असलेल्यांना ५,०००. महाविकास आघाडीच्या काळात, २०२० मध्ये, ते बंद झाले आणि सत्ताबदलानंतर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाले.