सामुदायिक नगरशेती

शहराच्या दाट वस्तीत मोकळ्या राहिलेल्या जागेवर रहिवाशांनी एकत्र येऊन, श्रम, पाणी आणि खत यांची वाटणी ठरवून केलेल्या भाजीपाल्याच्या व फळांच्या लागवडीस सामुदायिक नगरशेती म्हणतात. परसबाग किंवा गच्चीवरची बाग एका कुटुंबाची असते. येथे मात्र जमीन बहुधा नगरपालिकेची, शाळेची किंवा गृहनिर्माण संस्थेची असते आणि तिची निगा सर्वांकडे असते. काही ठिकाणी प्रत्येक कुटुंबाला वेगळे वाफे नेमून देतात, तर काही ठिकाणी सगळे वाफे सामाईक ठेवून निघालेले माळवे वाटून घेतात. ही दुसरी पद्धत सातारा-सांगली भागातील सावडीच्या, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याच्या रीतीच्या, जवळची आहे. सावडीत मात्र प्रत्येकाचे रान स्वतःचे असते, येथे ते राबणाऱ्यांपैकी कुणाचेच नसते, आणि या शेतीच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निर्माण होतात.

ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तेथे रहिवाशांना लागवडीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तेथील रूढ तुकडा एकराचा सोळावा भाग, म्हणजे आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठ्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे तेथील उद्याने व क्रीडांगणेही नांगरली गेली. भारतातही १९४२-४३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली, पण तिचा भर गावाकडच्या शेतीवर होता. लंडनच्या केंटिश टाउन भागात १९७२ मध्ये सुरू झालेल्या नगरशेतात लागवडीबरोबर शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या अशी जनावरेही पाळली गेली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खते आणि इंधन यांची आयात खुंटलेल्या क्यूबात हवानाच्या पडीक जागांवर कंपोस्ट भरलेल्या वाफ्यांतून भाजी पिकू लागली.

जमिनीचा प्रश्न किती निर्णायक असतो, हे अमेरिकेतील दोन घटनांवरून दिसते. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून रहिवाशांनी कचऱ्याने भरलेले पडीक भूखंड साफ करून बागा उभारल्या. परिसराला मोल आल्यावर १९९९ मध्ये शहर प्रशासनाने अशा शंभरहून अधिक बागांचा लिलाव काढला आणि न्यासांनी त्या विकत घेतल्या म्हणूनच त्या वाचल्या. लॉस एंजेलिसमधील १४ एकरांचे सामुदायिक शेत मात्र २००६ मध्ये रिकामे करवून घेण्यात आले. दोन्हीकडे माती कसदार झाली होती आणि माणसे राबत होती. कमी होता तो जमिनीवरील हक्काचा कागद.

महाराष्ट्रात नगरशेतीच्या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे मोठे श्रेय श्री. अ. दाभोळकर यांना द्यावे लागते. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने तासगावच्या द्राक्षबागायतदारांना स्वतःच्या बागेत प्रयोग करून त्याच्या नोंदी एकमेकांना सांगण्याची सवय लावली. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल मानून, दहा गुंठ्यांत एक कुटुंब पोसता येईल, अशी मांडणी त्यांनी केली. घरातील ओला कचरा, पालापाचोळा आणि उसाचे चिपाड यांपासून माती तयार करण्याचा त्यांचा आग्रह शहरी लागवडीला फार उपयोगी ठरला.

सांगलीत या शेतीचे गणित कृष्णा नदीशी बांधलेले आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ज्या गाळामुळे आहे, तो गाळ पुरानेच आणलेला आहे. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभागासारखी जुनी वस्ती बुडाली. शहरात पाऊस थांबला असतानाही वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि कोयना धरणातून सोडलेले पाणी यांमुळे पाणी चढत राहते, म्हणून आभाळ पाहून येथे लागवडीचा निर्णय घेता येत नाही. शिवाय शहरातून गेलेल्या पुराच्या गाळात सांडपाण्याची घाणही मिसळलेली असते. त्यामुळे तो रानातल्या पोयट्याप्रमाणे निर्धास्तपणे वापरता येत नाही आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या त्यात लावू नयेत.

जागेच्या दृष्टीने मंजूर रेखांकनातील (लेआउटमधील) खुले भूखंड सर्वांत सोयीचे असतात, कारण मोठ्या रेखांकनात साधारणतः १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा जमीन विकून, वाढलेल्या वस्त्यांत मात्र अशी जागा अनेकदा सोडलेलीच नसते, आणि भाजीची सर्वाधिक गरज असलेली कुटुंबे बहुधा तेथेच राहतात. खाजगी पडीक भूखंडावर लागवड करायची असल्यास मुदत, पाण्याची जोडणी आणि जागा परत करण्याची पूर्वसूचना या तीन गोष्टी तरी लेखी असाव्यात.

येथील काळी माती पावसात फुगते व चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्याचा निचरा सावकाश करते. त्यामुळे सपाट वाफ्यांपेक्षा उंच गादीवाफे बरे. त्यांत उसाचे पाचट, कुजलेले शेणखत आणि सोसायटीतील ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट भरता येते. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक झाल्याने खताचा हा कच्चा माल दारातच मिळतो. जुन्या रंगकामाचा राडारोडा, गॅरेज किंवा वर्दळीचा रस्ता शेजारी असल्यास मातीत शिसे असू शकते; शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तरी मातीत उतरलेले शिसे सहजासहजी जात नाही. अशा ठिकाणी माती तपासावी आणि मेथी, मुळा यांऐवजी दोडका, घेवडा, वांगी घ्यावीत, कारण फळात शिसे त्या मानाने कमी उतरते.

भिंतीच्या विरळ सावलीत हळद चांगली येते, पण ती आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि पाणी साचले की तिचे कंद कुजतात. त्यामुळे ती कुपवाडसारख्या उंच भागात लावणे योग्य. नदीलगतच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीत फारसे काही न ठेवता वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे गच्चीवर तयार करावीत आणि पाणी ओसरून वाफसा (लागवडीजोगी ओल) आल्यावर ती खाली आणून लावावीत.