मेंदूज्वर बरा झाला, कान तपासले का?

‘ताप डोक्यात गेला’ असं आपल्याकडे सहज म्हणतात. मूल तापानं फणफणलं, बरळायला लागलं, त्याला आकडी आली की घरातलं मोठं माणूस हेच म्हणतं आणि कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या सुरू होतात. पण ताप पायाकडून डोक्याकडे चढत जाणारी गोष्ट नाही. मेंदूज्वरात मेंदूपर्यंत पोचतात ते जंतू, आणि ताप ही त्यांची वर्दी असते. घड्यांनी अंग थोडं निवलं तरी जंतूंचं काम चालूच राहतं, आणि या आजारात एकेक तास मोलाचा असतो.

मेंदूज्वर या एका शब्दात आपण दोन आजार कोंबले आहेत. एकात खुद्द मेंदूला सूज येते, म्हणजे एन्सेफलायटिस. जपानी मेंदूज्वर त्यातला. दुसऱ्यात मेंदूभोवतीच्या आवरणांचा दाह होतो, तो मेनिंजायटिस. इथं लिहितोय ते या दुसऱ्याबद्दल, आणि मुख्यतः जिवाणूंमुळे होणाऱ्या प्रकाराबद्दल. विषाणूंमुळेही तो होतो; तो बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत निवळतो. मात्र कुठला प्रकार आहे, हे घरी बसून ओळखता येत नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूवर तीन आवरणं असतात. त्यातल्या आतल्या दोघांच्या मधे एक नितळ द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो, म्हणजे जेमतेम कपभर चहाइतका. शरीर दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर नवा द्रव तयार करतं आणि जुना रक्तात परत जातो. रक्तातलं नको ते मेंदूपर्यंत पोचू नये म्हणून तिथं कडक पहारा आहे. पण या पहाऱ्यामुळेच त्या द्रवात पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडंही अगदी थोडी असतात. एकदा जिवाणू आत घुसला की त्याला अडवणारं फारसं कुणी नसतं. शरीराला उशिरा जाग येते, मग पेशींची फौज एकदम धावून येते, आणि त्या धुमश्चक्रीत सूज वाढून मेंदूवर दाब येतो. बरंचसं नुकसान जंतूइतकंच या सुजेनं होतं.

लहान मुलांमध्ये हा आजार आणणारे तीन मुख्य जिवाणू म्हणजे हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस. पहिल्या दोघांवरची लस आज सरकारी लसीकरणात मोफत मिळते. हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीत असते, ६, १० आणि १४ आठवड्यांना. न्यूमोकोकसची पीसीव्ही २०२१ पासून देशभर मिळू लागली. ती ६ आठवड्यांना, १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. मेनिंगोकोकसची लस सरसकट देत नाहीत. हजला जाणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मात्र याच जिवाणूनं पिढ्यान्‌पिढ्या थैमान घातलं. १९९६-९७ च्या साथीत तिथं सुमारे २५,००० माणसं दगावली. तिथल्या ‘अ’ गटाच्या जिवाणूवर परवडेल अशी लस तयार झाली ती पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये तिची मोहीम सुरू झाली, आणि काही वर्षांतच त्या पट्ट्यातून हा ‘अ’ गट जवळजवळ नाहीसा झाला. हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता लक्षणं. जोराचा ताप, फुटेल असं डोकं, उलट्या, उजेड सहन न होणं आणि मान आखडणं. मान पुढे वाकवली की सुजलेली आवरणं ताणली जातात, म्हणून हनुवटी छातीला टेकत नाही. तान्ह्या बाळात मात्र मानेची वाट बघत बसू नये, कारण ती बरेचदा आखडतच नाही. बाळ अंगावर पीत नाही, मलूल पडतं, चिरक्या आवाजात रडतं, टाळू फुगून वर येते. एरवी रडणारं बाळ उचललं की गप्प होतं. हे उचललं की जास्त रडतं, कारण हलवलं की दुखतं. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके झाले नाहीत, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आत बघायचं.

दवाखान्यात डॉक्टर ‘पाठीतलं पाणी काढून तपासू’ म्हणतात आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती खरी नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत घालतात. तिथं द्रवात सुट्या तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईपुढे बाजूला सरकतात. तान्ह्या बाळात मज्जारज्जू थोडा खाली येतो, म्हणून तिथं वरची फट घेत नाहीत. जर्मनीतल्या हाइनरिख क्विन्के या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत सुरू केली. नंतर दोन दिवस डोकं दुखू शकतं. काही रुग्णांत, मेंदूवरचा दाब फार वाढला असेल तर, आधी स्कॅन करावा लागतो, आणि तेव्हा प्रतिजैविकाचं इंजेक्शन स्कॅनसाठी थांबवत नाहीत. लुळं पडलेलं माणूस बहुधा आजारानं लुळं पडलेलं असतं. दोष सुईच्या माथी येतो. आणि या भीतीपायी नकार दिला तर कुठला जंतू आणि कुठलं औषध, हे अंदाजावर राहतं.

आपल्या देशात आणखी एक मेंदूज्वर विसरून चालत नाही, तो क्षयाचा. तो तासांत येत नाही, आठवड्यांत येतो. बारीक ताप, वजन उतरणं, चिडचिड, शाळेत लक्ष न लागणं, मग डोकेदुखी आणि उलट्या. औषधं नऊ महिने ते वर्षभर चालतात आणि ती मधेच सोडणं जिवावर बेतू शकतं. द्रवाची वाट तुंबून मेंदूत पाणी साठलं तर ते पोटात उतरवणारी बारीक नळी, शंट, बसवावी लागते. जन्मल्यावर दंडावर दिलेली बीसीजी मुलांना क्षयाच्या या जीवघेण्या रूपापासून बऱ्यापैकी वाचवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या दर सहा जणांतला एक दगावतो आणि दर पाचातल्या एकाच्या मागे काहीतरी मोठं दुखणं कायमचं राहतं. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो बहिरेपणा, आणि डिस्चार्जच्या आनंदात तोच नजरेतून सुटतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची एक नळी असते, कॉक्लिआ. मेंदूभोवतीच्या द्रवाशी तिची बारीक वाट जोडलेली असते. त्या वाटेनं सूज कानात उतरते आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी मारते, बहुतेकदा आजाराच्या पहिल्या दोन दिवसांतच. म्हणूनच पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. सूज आवरली तर काही कान वाचतात. स्टेरॉइड म्हटल्यावर दचकणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

घरी काय दिसतं? मूल हाक मारली तरी बघत नाही. कुकरच्या शिट्टीला दचकत नाही. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं. घर म्हणतं, आजारपणात लाडावलंय, हट्टी झालंय. तीन वर्षांचं मूल असेल तर येत असलेले शब्दही काही महिन्यांत गळायला लागतात, कारण ऐकू आलं नाही की बोलणं टिकत नाही. तोल सांभाळणारं यंत्रही त्याच आतल्या कानात असतं. ते बिघडलं तर चालणारं मूल पुन्हा रांगायला लागतं. त्याला अशक्तपणा समजून टॉनिक दिलं जातं. या चुकीबद्दल आईवडिलांना बोल लावू नये. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि इथं वाट बघण्याची मोठी किंमत मोजावी लागते. सुजेनंतर कॉक्लिआच्या पोकळीत आधी जाळ्या धरतात, मग तिथं हाड तयार होऊ लागतं. काही मुलांत हे काही आठवड्यांतच सुरू होतं. दोन्ही कान पूर्ण गेले असतील तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आवाज थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवणारं, शस्त्रक्रियेनं बसवायचं यंत्र, हा उपाय आहे, पण त्याची तार त्या पोकळीतच सरकवायची असते. पोकळी हाडानं भरली की ती नीट आत जात नाही. जन्मजात बहिऱ्या बाळाला श्रवणयंत्र लावून काही महिने बघता येतं. मेंदूज्वरात दोन्ही कान पूर्ण गेलेल्या मुलाला तेवढी सवड नसते. म्हणून कानांची तपासणी घरी सोडण्याआधीच, नाही जमलं तर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. दोष आढळला तर लगेच कानाच्या सर्जनकडे आणि एमआरआयकडे जायचं. खर्चाच्या धास्तीनं घरी बसू नये. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते, आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था त्यात मार्गदर्शन करते.

बाकीचं बरं होणं संथ असतं. मोठी माणसंही महिनोन्‌महिने लवकर थकतात, नावं विसरतात, गोंगाट सोसत नाही, रडू नाहीतर राग पटकन येतो. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून हे सारं मनाचे खेळ ठरत नाहीत. मुलाला पहिले काही आठवडे अर्धा दिवस शाळा ठेवावी, बाईंना आजाराचं नाव स्पष्ट सांगावं आणि पुढच्या बाकावर बसवायला सांगावं. आकडी आली तर ‘पुन्हा ताप चढला’ असं न मानता डॉक्टरांना गाठावं.

बेरा नावाची कानाची तपासणी सोपी असते. कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्र नोंदवतं. मुलाला काही सांगावं-बोलावं लागत नाही, पण ते गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, पाजायचं तिथं पोचल्यावर. झोपेचं औषध द्यायचं असेल तर मात्र कधीपासून उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. कुठला जिवाणू होता आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं कानाला त्रास देणारं औषध चालू होतं का, हे तपासणाऱ्याला त्यावरच कळतं.